दुफळीची कारणे आणि तिचे शमन

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत मागल्या पिढीचे गुणवर्णन व्हावे, इमारतीच्या खर्चाचा हिशेब वाचावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि मंडळींनी चहापानास जावे, असा रिवाज आहे. आपल्या महोत्सव मंडळाने हा रिवाज मोडून आम्हांस असा विषय दिला की, राजकारणापायी माणसामाणसांत जी दुफळी माजली आहे तिची कारणे कोणती व ती शमेल कशी, याचा विचार करावा. मंडळाच्या धैर्याचे आम्हांस कौतुक वाटते. थोडे भयही वाटते. कारण हा विषय व्यासपीठावर सोपा आणि घरात कठीण आहे. या धर्मग्रामात अशी घरे आहेत की, जेथे गेल्या निवडणुकांपासून सख्खे भाऊ वेळ पाहून मिस्सेला येतात. एकाने सकाळची मिस्सा धरली की दुसरा सायंकाळची धरतो. एका घरी बाप्तिस्म्याच्या जेवणाचे आमंत्रण गेले नाही, ते मोबाइलवरील एका वादामुळे. नावे घेण्याचे कारण नाही; ज्यांचे त्यांस ठाऊक आहे. ही माणसे वाईट नव्हेत. त्यांपैकी बहुतेकांनी या महोत्सवासाठी मनापासून खपून काम केले आहे, मात्र वेगवेगळ्या दिवशी.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. उसाला दर किती मिळावा, शहराची हद्द वाढवावी की नाही, कोणत्या पक्षाच्या हाती राज्य द्यावे, यांविषयी दोन माणसांची दोन मते असणे हे जिवंत समाजाचे लक्षण होय. त्यास मतभेद म्हणावे. दुफळी निराळी. एखाद्या मनुष्याचे एक मत कळले म्हणजे त्याची बाकीची सर्व मते, त्याचे वर्तमानपत्र, त्याचे मित्र, किंबहुना त्याचे आडनाव हे सारे आपोआप ओळखता येऊ लागले, की दुफळी शिरली असे समजावे. आणि प्रतिपक्षाच्या म्हणण्याबद्दल बोलणे थांबून त्याच्या जन्माबद्दल बोलणे सुरू झाले, की ती मुरली असे समजावे.

दुसऱ्याच्या अंगणात पाहण्याआधी आपल्या घरातील एक जुने भांडण पाहणे न्याय्य होईल. आपल्यातील वृद्ध मंडळींनी, विशेषतः ज्यांची घराणी मुंबई किंवा गोव्याकडून इकडे आली त्यांनी, 'पाद्रोआदो' आणि 'प्रोपागांडा' हे शब्द आजोबांच्या तोंडून कदाचित ऐकले असतील. तरुणांसाठी सांगतो. पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या आश्रयदात्याचा अधिकार पोपमहाशयांकडून मिळालेला होता. त्याने बिशपांची नावे सुचवावी, चर्चे बांधावी, धर्मगुरूंचा खर्च चालवावा. यास पाद्रोआदो म्हणत. पुढे १६२२ साली रोम येथे श्रद्धाप्रसारासाठी प्रोपागांडा नावाचे खाते निघाले, व त्याचे धर्मगुरू थेट रोमच्या आज्ञेने येऊ लागले. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर गोव्याच्या आर्चबिशपांची सत्ता आपल्या बेटावर असावी हे त्यांस रुचेना. म्हणून १७२० साली त्यांनी पोर्तुगीज आश्रयाखालील पाद्रींस काढून कार्मेलाईट संघाच्या पाद्रींस आणले. त्यानंतर अधिकार एकदा यांच्याकडे तर एकदा त्यांच्याकडे जात अखेर १७९४ साली मुंबईतील चर्चे दोहोंत वाटली गेली. एक शहर आणि दोन सत्ता! ही दुहेरी व्यवस्था १९२८ सालापर्यंत, म्हणजे १३४ वर्षे चालली.

या भांडणात श्रद्धेचा प्रश्न नव्हता, हे विशेष आहे. मतांगिकार एकच, सात संस्कार तेच, मिस्सा तीच आणि तिची लॅटिन भाषाही तीच. आपला धर्मगुरू कोणी नेमावा एवढाच वाद. असे असता १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन यांस प्रतिपक्षाच्या वेढ्यामुळे दिवसेंदिवस आत कोंडून राहावे लागले, व शेवटी सरकारास मध्ये पडावे लागले. कॅथलिकांनी कॅथलिक बिशपास कोंडावे, आणि त्यातून सुटका इंग्रज प्रॉटेस्टंट अंमलदारांनी करावी, याहून लाजिरवाणे दुसरे काय असू शकेल! या हकीकतीवरून आम्हांस दुफळीचे पहिले कारण दिसते. भांडणाची धग मतांतील अंतरावर अवलंबून नसते. मते अगदी जवळ असूनही माणसे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. कारण खरा प्रश्न 'काय बरोबर' हा नसून 'आपण कोणाचे' हा झालेला असतो. 'कोणाचे' हा प्रश्न एकदा उभा राहिला की, त्यास पुरावा लागत नाही, आणि पुराव्याने तो सुटतही नाही.

त्यात पोटाचा प्रश्न मिसळला म्हणजे तर बोलावयास नको. १८८७ साली मुंबईच्या मूळ रहिवासी कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण करून आपली संस्था स्थापिली. गोव्याहून व मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या कॅथलिकांपासून आपण निराळे आहोत हे सरकारास कळावे, हा त्यात एक हेतू होता. ते व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. महोत्सवात माणसे एकत्र येतात तशी निराळीही होतात, हे आपल्या मंडळाने ध्यानात ठेवावे.

आता करवीर नगरीकडे येऊ. महाराष्ट्राच्या राजकारणात जी मोठी फूट अर्धशतकाहून अधिक काळ राहिली, तिचा उगम याच शहरात पंचगंगेच्या घाटावर झाला. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, वेदोक्त नव्हे, ही गोष्ट उघडकीस आली. ती महाराजांच्या नजरेस आणून देणारे राजारामशास्त्री भागवत हे स्वतः ब्राह्मण पंडित होते. आणि पुढे महाराजांकडे वेदोक्त विधी करण्यास जे सिद्ध झाले तेही ब्राह्मणच होते. राजोपाध्यांनी मात्र नकार दिला. १९०१ साली पुण्याच्या 'केसरी'ने राजोपाध्यांच्या बाजूने लिहिले, आणि १९०२ साली महाराजांनी राजोपाध्यांचे वतन खालसा केले. म्हणजे आरंभी हा वाद एका राजाचा व एका पुरोहिताचा होता, व दोन्ही बाजूंस ब्राह्मण होते. तोच वाद वर्तमानपत्रांतून गावोगाव गेला तेव्हा त्याच्या मध्यल्या छटा गळून पडल्या, आणि 'ब्राह्मण' व 'ब्राह्मणेतर' असे दोनच शब्द उरले.

येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण सलोख्यावर बोलणारे लोक येथे बहुधा घाईने पुढे जातात. दोन्ही बाजूंनी संयम ठेवावयास हवा होता, असे म्हणून ते मोकळे होतात. आम्हांस हे पटत नाही. १८९४ साली महाराजांनी राज्यसूत्रे हाती घेतली तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. शेतकऱ्याचा मुलगा कचेरीत केवळ अर्जदार म्हणून शिरे. हे गाऱ्हाणे कोणी भडकावून निर्माण केलेले नव्हते; ते खरे होते. ज्या समाजात खरे गाऱ्हाणे बोलून दाखविणाऱ्यास 'तू फूट पाडतोस' असे म्हणतात, तेथे शांतता असते, पण ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची शांतता असते. म्हणून दुफळीचे दुसरे कारण, आमच्या मते सर्वांत जड कारण, हेच की खऱ्या गाऱ्हाण्याकडे वेळेवर कोणी पाहत नाही. मग ते गाऱ्हाणे ज्याच्या हाती पडेल त्याचे हत्यार बनते.

महाराजांनी त्याकडे पाहिले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आज्ञा काढली की, संस्थानच्या नोकरीत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, शेकडा ५०, मागासलेल्या वर्गांस द्याव्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागासलेले, अशी त्याची स्पष्ट व्याख्या केली. या आज्ञेने कोणास बडतर्फ केले नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. जागा रिकामी होईल तेव्हा ती भरावयाची. न्याय करावयाचा, पण दुसऱ्याच्या चुलीवर पाणी न ओतता करावयाचा, ही त्यातील खुबी होय.

पुढे त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांसाठी वसतिगृहे उघडविली. यावर आजही आक्षेप येतो की, जातवार वसतिगृहांनी जाती बळकट झाल्या. आक्षेपात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु खेड्यातल्या मुलास त्या काळी शहरात राहावयास जागा कोण देत होते? जातीचे वसतिगृह नसते तर तो मुलगा आलाच नसता. रात्री मुले निराळी निजत, दिवसा एकाच विद्यालयात एका बाकावर बसत. ज्या शहरात दिवसा एकत्र बसण्याची सोय आहे तेथे रात्रीचे निराळेपण फारसे अपाय करीत नाही, असे आमचे मत आहे. उलटही तितकेच खरे आहे, आणि त्याकडे पुढे येऊ.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात लहान मुलासही ठाऊक असते, तरी ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सरकारी पागेत काम करणाऱ्या या अस्पृश्य गृहस्थाने पाण्याच्या हौदास हात लावला म्हणून त्यास मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले, गंगारामास चहाचे दुकान काढून दिले, आणि आपल्या लवाजम्यासह ते त्या दुकानासमोर थांबून चहा मागवून पिऊ लागले. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. महाराजांनी त्यांस उपदेश केला नाही. कपभर चहा पुढे केला, आणि नाही म्हणण्याची सोय ठेवली नाही.

एवढे होऊनही फूट मिटली नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. महाराज १९२२ साली निवर्तले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा व जातीने ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत जमावांनी ब्राह्मणांची घरे जाळली. याच शहरात भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. ज्या घरांतील माणसांनी मारेकऱ्याचे नावही पूर्वी ऐकले नव्हते त्यांच्या तुळया जळाल्या. कित्येक कुटुंबे गाव सोडून पुण्यामुंबईस गेली ती परतलीच नाहीत. आणि त्यांच्याबरोबर कित्येक गावांचा मास्तर गेला, वैद्य गेला. ७१ पैकी ६० जागा हा अन्याय होता. त्याचे परिमार्जन १९०२ सालच्या आज्ञेने होत होते. १९४८ सालच्या आगीने कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलास एकही जागा मिळाली नाही. एका माणसाचे कृत्य त्याच्या जातीच्या खात्यावर लिहिणे, हे दुफळीचे तिसरे कारण होय, व यातच रक्त सांडते.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टी. ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या निधनास १०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा हे शहर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले. रस्त्यात वाहने थांबली, दुकानदार पायरीवर आले. त्यानंतर १३ महिन्यांनी, ७ जून २०२३ रोजी, त्याच रस्त्यांवर दगडफेक झाली, दुकाने फुटली, पोलिसांस लाठी चालवावी लागली व इंटरनेट बंद करावे लागले. निमित्त काय, तर आदल्या दिवशी काही पोरांनी मोबाइलच्या स्टेटसवर औरंगजेब व टिपू यांच्यासंबंधी आक्षेपार्ह मजकूर ठेवला. कायद्यात त्यावर इलाज होता, व पोलिसांनी तो सुरूही केला होता. परंतु जमावास त्या मोजक्या पोरांशी कर्तव्य नव्हते. पुढल्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणे हटविण्याच्या आंदोलनाच्या वेळी गजापूर येथे गडाखालच्या मुसलमान वस्तीत घरे व मशीद यांची मोडतोड झाली. गडावरील अतिक्रमणाचा प्रश्न खरा होता की नव्हता हा निराळा वाद आहे. गजापूरच्या त्या घरांतील भांडीकुंडी गडावर नव्हती एवढे निश्चित.

१९०१ आणि २०२३ यांत एक मोठे अंतर आहे, ते वेळेचे. 'केसरी' आठवड्यास निघे. त्यातील लेखास उत्तर द्यावयाचे तर शाई, कागद, टपाल आणि पुढला आठवडा लागे. या अवधीत राग अर्धा निवत असे. तरी पन्नास वर्षांनी आग लागलीच. आज मजकूर मिनिटात येतो व मिनिटात शंभर ठिकाणी जातो. पूर्वी निदान संपादकास आपले नाव छापावे लागे. आज पुढे पाठविणारा म्हणतो, 'मी लिहिले नाही, मला आले म्हणून पाठविले.' या यंत्राचे मालक दूर देशी आहेत, व लोक जितके अधिक वेळ खिळून राहतील तितका त्यांस लाभ आहे. रागाइतके खिळवून ठेवणारे दुसरे काही नाही, हे त्यांस आपल्याआधी कळले.

याचा परिणाम असा की, आपणांस प्रतिपक्षाचा खरा मनुष्य दिसतच नाही. त्याच्यातील सर्वांत आरडाओरडा करणारा तेवढा दिसतो. अमेरिकेत २०१९ साली अशी पाहणी झाली. तेथील दोन्ही पक्षांच्या लोकांस विचारले की, समोरच्या पक्षात टोकाची मते धरणारे किती असतील. तर दोहोंनीही ते प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट सांगितले. आपल्याकडे पाहणी करण्याची आवश्यकता नाही. मोबाइलवर ज्या समाजास आपण शिव्या वाचतो, त्याच समाजाच्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी सकाळी आपण भाजी घेतो, व मापात दोन वांगी अधिक पडल्यास आनंदाने घरी येतो.

आता शमनाचा विचार करू. येथेही प्रथम एक भ्रम दूर सारला पाहिजे. माणसे एकत्र आली म्हणजे आपोआप प्रेम उत्पन्न होते, असे म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या दिवसांत या शहराने जात, पक्ष, धर्म काही पाहिले नाही. पोळ्या कोणी लाटल्या व खाल्ल्या कोणी, याचा हिशेब राहिला नाही. परंतु २०१९ नंतर चारच वर्षांनी २०२३ आले. संकटातील ऐक्य खरे असते, पण पाणी उतरले की तेही उतरते. १९५४ साली अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ नावाच्या तुर्की वंशाच्या शास्त्रज्ञाने बारा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांच्या दोन टोळ्या एका रानातील शिबिरात ठेवून त्यांच्यात चढाओढ लावली. अल्पावधीत त्यांचे हाडवैर झाले. त्यांस एकत्र जेवावयास बसविले, तर ती एकमेकांवर अन्न फेकू लागली! पुढे पिण्याचे पाणी बंद पडले, अन्नाची गाडी अडली, आणि दोन्ही टोळ्यांनी मिळून दोर ओढल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. असे वारंवार घडले तेव्हा वैर निवळले. एकदा नव्हे, वारंवार, हा शब्द महत्त्वाचा आहे.

आपल्या जिल्ह्यात हा वारंवारपणा काही अंशी सहकाराने आणला, असे आम्हांस वाटते. दूध संघ असो, साखर कारखाना असो, त्यांच्या निवडणुकांत पक्षाचे झेंडे फारसे चालत नाहीत, गट चालतात. लोकसभेस जो विरोधात, तो संघाच्या पॅनेलमध्ये मांडीला मांडी लावून बसलेला दिसतो. बाहेरचे लोक यास हसतात, व त्यात स्वार्थ पुष्कळ आहे हे आम्हीही जाणतो. तरी त्याचा एक उपयोग आहे. ज्याच्याशी उद्या दुधाच्या दराबद्दल बोलावयाचे आहे, त्यास आज कायमचा शत्रू करणे परवडत नाही. पेठेपेठेतल्या तालमींचेही तसेच. ज्या तालमीत गणपती बसतो त्याच तालमीत मोहरमचा पंजाही बसतो, हे कोल्हापुरात नवल नव्हे. आणि कुरुंदवाड गावी तर पाच मशिदींत गणपती बसविण्याची रीत आहे. एका माणसास पाच-सहा नाती असावी, आणि ती सर्व एकाच दिशेने ओढणारी नसावी, ही समाजाची खरी तटबंदी होय. ज्या दिवशी दूध संघ, तालीम, शाळा, दवाखाना व वर्तमानपत्र ही सारी एकाच रेघेवर तुटतील, त्या दिवशी आपल्यास वाचविण्यास पोलीस पुरे पडणार नाहीत. मघाशी आम्ही 'उलटही खरे' म्हणालो ते हेच. रात्रीचे निराळेपण दिवसातही उतरले, की मग काही उरत नाही.

पाद्रोआदोचे भांडण कसे मिटले तेही सांगितले पाहिजे. कोणी कोणाचे मन वळविले नाही. १९२८ साली पोपमहाशय व पोर्तुगाल यांच्यात करार झाला की, मुंबईस एकच आर्चबिशप असावा. एकदा पोर्तुगीज, त्यानंतर ब्रिटिश, अशी पाळी लावावी. प्रथम लिमा आले, त्यांच्यानंतर रॉबर्ट्स. पुढे रॉबर्ट्स यांनी ही पाळी एका भारतीयास मिळावी म्हणून आपण होऊन वाट मोकळी केली, व १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशियस हे आर्चबिशप झाले. ते गोव्याच्या घराण्यातले. पाळी लावणे हा किती रुक्ष उपाय! त्यात काव्य नाही, प्रवचनाला विषय नाही. पण १३४ वर्षांच्या प्रवचनांनी जे झाले नाही ते पाळीने झाले.

आता आपल्या धर्मग्रामापुरते बोलू. आम्ही कोणत्या पक्षास मत द्या असे येथून सांगणार नाही. ख्रिस्तसभेच्या नियमाने धर्मगुरूस पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही, आणि नियम नसता तरी आम्ही ते केले नसते. अन्याय मात्र अन्याय म्हणून सांगू, मग तो कोणत्याही पक्षाने केलेला असो. त्याचा ज्यास राग येईल त्याने आमच्याकडे यावे. आमच्या दारास कडी नसते. आणखी एक अप्रिय गोष्ट. आपल्या स्वतःच्या मोबाइल मंडळांत भयाचे संदेश पुष्कळ फिरतात. देशात काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले आहेत, हे खरे आहे व ते लपविण्याचे कारण नाही. पण खऱ्या हकीकतीच्या शेजारी दहा वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या देशातले चित्र चिकटवून पाठविणे म्हणजे आपल्याच खऱ्या गाऱ्हाण्याची किंमत घालविणे होय. अल्पसंख्य समाजास भय असते, म्हणून त्यास खोटे बोलण्याची मुभा मिळते असे नव्हे.

प्रभूच्या बारा शिष्यांत मत्तय होता, तो जकातदार; आणि शिमोन होता, तो जहाल राष्ट्राभिमानी म्हणून ओळखला जाणारा. त्या दोघांचे रोमन करांविषयी एकमत झाले, असे शुभवर्तमानात कोठेही नाही. ते एका ताटात जेवले एवढेच आहे.

सेमिनरीत आम्हांस जी एक शिस्त लावण्यात आली तिचा येथे उपयोग होईल असे वाटते. संत थोमस आक्विनस कोणताही प्रश्न घेताना प्रथम विरुद्ध पक्षाचे आक्षेप मांडतात, आणि ते असे मांडतात की, वाचणाऱ्यास क्षणभर तोच पक्ष खरा वाटावा. आपल्या देशातील शास्त्रकारांनीही पूर्वपक्ष आधी व उत्तरपक्ष नंतर हीच रीत ठेविली. वर्गात आम्हांस वाद करताना नियम असे की, प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, त्याने 'होय, हेच माझे म्हणणे' असे म्हटल्यावरच उत्तरास आरंभ करावा. किती वेळा तेथेच वाद संपे! कारण सांगता सांगता कळे की, आपण ज्याच्याशी भांडत होतो तो मनुष्य आपण कल्पिलेलाच होता. आणि कित्येकदा वाद संपत नसे, पण तो नेमका कशावर आहे हे तरी स्पष्ट होई.

म्हणून आम्ही मंडळापुढे एक योजना ठेविली आहे व तीस मंडळाने मान्यता दिली आहे. पुढील महिन्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी पाच वाजता सभागृहात चर्चेची बैठक होईल. पहिल्या बैठकीस विषय घेतला आहे तो कोल्हापूरच्या हद्दवाढीचा. १९७२ साली महानगरपालिका झाली तेव्हापासून या शहरात व भोवतालच्या गावांत या विषयावरून भांडण चालले आहे. आपल्यापैकी निम्मी मंडळी शहरात राहतात व निम्मी गावांत. तेव्हा दोन्ही पक्ष घरचेच मिळतील. धर्माचा त्यात संबंध नाही, हे एक बरे. पोहणे उथळ पाण्यात शिकावे. ज्यांस हद्दवाढ हवी आहे त्यांनी गावकऱ्यांची बाजू मांडावयाची, आणि गावांतील मंडळींनी शहराची. घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षण पडेल, ग्रामपंचायत जाईल, ही गावांची गाऱ्हाणी शहरवाल्याने अशी सांगावी की गावकऱ्याने मान डोलवावी. पाणी, कचरा व रस्ते यांचा भार शहराने वाहावा व उत्पन्न मात्र बाहेर राहावे, हे शहराचे गाऱ्हाणे गावकऱ्याने तसेच सांगावे. समोरच्याने 'होय' म्हटल्यावाचून कोणास आपले मत सांगता येणार नाही. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवावयाचे आहेत. टोपली भगिनींनी आणली आहे. अध्यक्षपद पाळीने राहील, एकदा शहराकडे व एकदा गावांकडे. पहिली पाळी कोणाची यावरून मंडळात थोडी बोलाचाली झाली, तेव्हा चिठ्ठी टाकली. ती गावांच्या नावाची निघाली.

चहा दोन भाऊ मिळून करणार आहेत. त्यांनी तसे कबूल केले आहे, मात्र दूध कोठून आणावयाचे हे अद्याप ठरलेले नाही.